नेमबाजीत नवे आहात? इलेक्ट्रॉनिक इअरमफ घेण्याआधी हे वाचा

रायफल कुठली घ्यायची, जॅकेट मापाचं शिवून घ्यायचं की तयार, बूट कुठले, हे सगळं नवा नेमबाज चार जाणत्यांना विचारून ठरवतो. कानांवर काय घालायचं हे मात्र सगळ्यात शेवटी ठरतं, तेही ऑनलाइन दुकानातले फोटो बघून. तिथे 'इलेक्ट्रॉनिक' असा शब्द दिसला की महाग आहे म्हणजे चांगलंच असणार, असं धरून पैसे भरले जातात. काही जण दुसऱ्या टोकाला असतात. कानात कापसाचा बोळा घालून ते .२२ रायफल (हा आकडा नळीच्या व्यासाचा, इंचात) चालवतात.

हा लेख अशा नव्या नेमबाजांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. एनसीसीच्या कॅम्पमध्ये पहिल्यांदा .२२ रायफल हाती घेणाऱ्या कॅडेटलाही तो उपयोगी पडेल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गोळीच्या आवाजापासून कान वाचवतो तो इअरमफचा, म्हणजे हेडफोनसारखं दिसणाऱ्या कान झाकायच्या साधनाचा, कप आणि कानाभोवती घट्ट बसणारी त्याची गादी. इलेक्ट्रॉनिक सर्किट आवाज अडवत नाही. बोललेलं ऐकू यावं म्हणून कप कानावरून उचलण्याची वेळ येऊ न देणं, हे त्याचं काम. खरेदीचे सगळे निर्णय या दोन गोष्टींवरून घ्यायचे.

पहिली पायरी: तुम्ही कुठल्या आवाजात उभे राहणार?

महाराष्ट्रात बहुतेकांची सुरुवात १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलने होते. ४.५ मिलिमीटरचा छर्रा दाबलेल्या हवेवर सुटतो, दारूचा स्फोट नसतो. आवाज बंदुकीच्या मानाने बराच कमी, पण बंद हॉलमध्ये पंधरा-वीस जण शेजारी शेजारी तासन्‌तास नेम धरत असले की त्या टपटपीने डोकं शिणतं आणि लक्षही विचलित होतं. इथे साधा, बिनइलेक्ट्रॉनिक इअरमफ किंवा फोमचे इअरप्लग पुरतात. मूल अजून एअर रायफलवरच असेल तर इलेक्ट्रॉनिकची घाई करू नका. ते पैसे पेलेटला लागतील.

.२२ हाती आली की हिशेब बदलतो. .२२ रायफलच्या बाराचा कमाल आवाज साधारण १४० डेसिबलच्या आसपास जातो. नळी किती लांब आणि गोळी कुठली यावर तो थोडा वर-खाली होतो. पिस्तूलची नळी आखूड असते, तिचं तोंड नेमबाजाच्या जवळ असतं, म्हणून तीच .२२ गोळी पिस्तूलमधून जास्त कानठळ्या बसवते. २५ मीटर सेंटर फायरचं .३२ पिस्तूल, ट्रॅप-स्कीटची (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरण्याचे प्रकार) १२ बोअर शॉटगन आणि ३०० मीटरची बिग बोअर रायफल हे सगळे १५०च्या पुढचे. बिग बोअर रायफल तर १६०च्याही वर जाते.

हे आकडे किती मोठे आहेत ते समजायला एक गोष्ट लक्षात ठेवा. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. दर १० डेसिबलला आवाजातली ऊर्जा दहा पट होते. १४० आणि १६० मधला फरक वीसचा दिसतो, पण ऊर्जा शंभर पट असते. क्षणिक धमाक्याच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांना १४० आणि लहान मुलांना १२० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. म्हणजे शाळकरी मुलाच्या बाबतीत .२२ चा एकच बारसुद्धा उघड्या कानांनी ऐकणं चुकीचं आहे. 'थोडंच तर फायरिंग आहे, पाच-दहा राउंड' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो आणि त्यात अतिशय नाजूक केसपेशी असतात. धमाक्याने त्या मरतात, आणि माणसाच्या शरीरात त्या पुन्हा तयार होत नाहीत. नुकसानाची सुरुवात साधारण ३००० ते ६००० हर्ट्‌झच्या उंच पट्टीत होते. त्यामुळे सुरुवातीला 'ऐकू येत नाही' असं वाटतच नाही. आवाज येतो, पण शब्द नीट कळत नाहीत. स, श, फ, थ ही अक्षरं पुसट होतात, लग्नाच्या हॉलमध्ये समोरचा काय म्हणतोय ते पुन्हा विचारावं लागतं. खांद्याला रायफल लावणाऱ्या उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो.

शेजारच्या लेनचाही विचार करा. तुम्ही .२२ चालवत असाल आणि बाजूला कुणी .३२ घेऊन उभं असेल, तर तुमचं संरक्षण .३२ च्या हिशेबाने हवं. वर छप्पर आणि बाजूला भिंती असलेल्या फायरिंग पॉइंटवर आवाज आदळून परत येतो, पूर्ण बंद रेंजमध्ये तर फारच.

दुसरी पायरी: आतलं सर्किट काय करतं ते समजून घ्या

कपाच्या बाहेर एक बारीक मायक्रोफोन असतो, आत छोटा स्पीकर. बाहेरचं बोलणं मायक्रोफोन पकडतो आणि आत ऐकवतो. हळू आवाज वाढवूनही ऐकवतो. बाहेरचा आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला, साधारण ८२ ते ८५ डेसिबल, की सर्किट तो आत वाजवायचं थांबवतं किंवा दाबून वाजवतं.

या एका वाक्यात बहुतेक जाहिरातींचं उत्तर आहे. गोळीचा आवाज सर्किट थांबवत नाही. सर्किट फक्त तो आत पुढे पाठवत नाही. प्रत्यक्ष धमाका अडवायचा तो प्लॅस्टिकच्या कपाने, आतल्या फोमने आणि गादीने. म्हणूनच सेल संपले तरी चांगला इलेक्ट्रॉनिक इअरमफ साध्या इअरमफइतकं संरक्षण देतच राहतो, आणि गादी नीट बसली नसेल तर हजारो रुपयांचं सर्किटही काही करू शकत नाही.

इथेच एक धोक्याचा गैरसमज काढून टाकतो. विमानात किंवा लोकलमध्ये घालतात ते नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आणि इअरबड नेमबाजीसाठी नाहीत. सतत चालणारी घरघर उलट्या ध्वनिलहरींनी पुसण्यासाठी ते बनवलेले असतात. क्षणात येऊन जाणाऱ्या धमाक्यापुढे त्यांचं काही चालत नाही. त्यांच्या खोक्यावर श्रवणसंरक्षणाचं मानांकनही सहसा नसतं.

मग इलेक्ट्रॉनिकचे जादा पैसे कशाला मोजायचे? रेंजवर अर्धा तास मागे बसून बघा, उत्तर मिळेल. कोच येऊन काहीतरी सांगतो, मुलगा पटकन एका कानावरचा कप वर सरकवतो, 'हो सर' म्हणतो, आणि त्याच क्षणी शेजारच्या लेनवर बार निघतो. दिवसभराचं संरक्षण त्या एका क्षणात निकामी होतं. इलेक्ट्रॉनिक इअरमफ घातलेल्या मुलाला कप उचलावा लागत नाही. कोचचं बोलणं त्याला ऐकू येतं, रेंज ऑफिसरचं 'स्टॉप' आणि 'अनलोड' ऐकू येतं. नव्या माणसासाठी 'स्टॉप' वेळेवर ऐकू येणं ही स्वतःच्या आणि इतरांच्याही सुरक्षिततेची गोष्ट आहे. ज्याला आधीच थोडं कमी ऐकू येतं त्याला तर साध्या इअरमफमध्ये कमांड जवळपास कळतच नाहीत.

तिसरी पायरी: स्पर्धेचा नियम आधी बघा

ही पायरी अनेकांना खरेदी झाल्यावर कळते, म्हणून ठळकपणे सांगतो. आपल्याकडच्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा राष्ट्रीय रायफल संघटनेच्या छत्राखाली, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या म्हणजे आयएसएसएफच्या नियमांवर चालतात. त्या नियमांत खेळाडूला आवाज कमी करणारी साधनंच वापरता येतात. आवाज निर्माण करणारी किंवा संपर्क साधणारी यंत्रणा चालत नाही, आणि कानावरच्या साधनात कुठल्याही प्रकारचा रिसीव्हर असलेला चालत नाही. कारण उघड आहे: बाहेरून कुणी कानात सूचना देऊ नये.

तेव्हा ब्लूटूथ, रेडिओ किंवा फोन जोडायची सोय असलेला इअरमफ घालून स्पर्धेच्या लेनवर जायचा विचारच सोडा. नुसता आवाज वाढवणारा, ब्लूटूथ नसलेला इलेक्ट्रॉनिक चालेल का, याचा वाद मॅचच्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या टेबलावर घालण्यात अर्थ नाही. स्पर्धेसाठी साधा, बिनइलेक्ट्रॉनिक इअरमफ वेगळा ठेवा आणि त्याच्यासह सरावही करा, म्हणजे डोक्यावरचं वजन आणि गालावरचा दाब ओळखीचा होईल.

त्यामुळे खरेदीचा क्रम असा ठेवा: पहिली जोडी चांगल्या साध्या इअरमफची, सोबत फोमच्या इअरप्लगचं पाकीट. इलेक्ट्रॉनिक ही दुसरी जोडी, सरावासाठी. कोच, रेंजवर मदत करणारे स्वयंसेवक, मागे उभे राहणारे पालक यांच्यासाठी मात्र इलेक्ट्रॉनिक पहिल्याच खेपेला घेतला तरी पैसे वसूल होतात, कारण त्यांचं निम्मं काम बोलण्याचं आणि ऐकण्याचं आहे.

चौथी पायरी: खोक्यावरचा आकडा वाचा

साधन आवाज किती कमी करतं ते सांगणारा हा आकडा. अमेरिकी पद्धतीने तपासलेल्या साधनावर एनआरआर (नॉइज रिडक्शन रेटिंग) लिहिलेलं असतं, युरोपीय पद्धतीने तपासलेल्यावर एसएनआर (सिंगल नंबर रेटिंग). दोन्ही आकडे डेसिबलमध्येच, पण मोजण्याची रीत वेगळी. त्यामुळे एकाच वस्तूचा एसएनआर साधारणपणे एनआरआरपेक्षा मोठा दिसतो. ३एम कंपनीच्या पेल्टर एक्स४ए या साध्या इअरमफचा एनआरआर २७ आहे आणि एसएनआर ३३. दुकानदार एकाचा एसएनआर आणि दुसऱ्याचा एनआरआर शेजारी ठेवून 'हा जास्त चांगला' म्हणत असेल तर थांबवा. तुलना एनआरआरची एनआरआरशीच करायची.

दुसरी गोष्ट, हा आकडा प्रयोगशाळेतला आहे, नीट बसवलेल्या साधनावर मोजलेला. रेंजवर तेवढा मिळत नाही. कामाच्या जागची सुरक्षितता आणि आरोग्य यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेने १९९८ साली सुचवलं होतं की इअरमफच्या आकड्यातून पाव भाग वजा करा आणि फोमच्या इअरप्लगच्या आकड्यातून निम्मा. म्हणजे एनआरआर २२ च्या इअरमफकडून साडेसोळाची अपेक्षा ठेवा, एनआरआर २९ च्या फोम प्लगकडून साडेचौदाची. फोम प्लगवर एवढी कात्री लागते कारण बहुतेक लोक तो नुसता कानाच्या तोंडाशी खुपसतात.

बाजारात सर्रास दिसणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ एनआरआर २२ ते २६ च्या पट्ट्यातले. हॉवर्ड लाइटचा इम्पॅक्ट स्पोर्ट २२, वॉकर्सचा रेझर स्लिम २३, पेल्टरचा स्पोर्ट टॅक्टिकल ५०० हा २६. उघड्या रेंजवरच्या .२२ साठी हे पुरेसे आहेत. .३२, १२ बोअर, बिग बोअर किंवा बंद रेंज असेल तर एकट्या इअरमफवर राहू नका. आत फोम प्लग आणि वर इअरमफ असं दुहेरी संरक्षण घ्या. दोन्हींची बेरीज मात्र करायची नाही. जो आकडा मोठा त्यात साधारण ५ मिळवायचे, कारण काही आवाज कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत पोचतोच.

दुहेरी संरक्षणात इलेक्ट्रॉनिकचा एक सुंदर फायदा आहे. आत प्लग असताना इअरमफचा आवाज थोडा वाढवा. प्लगमधून गाळून का होईना, बोलणं कळतं. साध्या इअरमफखाली प्लग घातले की कोचने खांद्यावर हात ठेवल्याशिवाय काही कळत नाही.

खोक्यावर मानकाचा क्रमांक आहे का तेही बघा. भारतीय मानक आयएस ९१६७, युरोपीय ईएन ३५२ (आवाजानुसार बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इअरमफसाठी त्याचा चौथा भाग, म्हणजे ईएन ३५२-४), अमेरिकी एएनएसआय एस३.१९. यातलं काहीच नाही, फक्त मोठ्या अक्षरात '३४ डेसिबल' असं छापलेलं असेल तर ती वस्तू परत ठेवा.

पाचवी पायरी: डोक्यावर घालून बघा, घाईने नाही

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. दाराला बोटभर फट राहिली तर बाहेरचा गोंगाट जसा आत येतोच, तसंच गादीचं आहे. गादी आणि कातडी यांच्यात बारीकशी वाट राहिली की खोक्यावरचा आकडा कागदावरच राहतो.

आधी कानाभोवतीचे केस मागे घ्या. वेणी, बट, केसांची पिन गादीखाली येता कामा नये. झुमके, मोठी कानातली काढून ठेवा. ओढणी किंवा स्कार्फ गादीखाली अडकू देऊ नका. टोपी किंवा व्हायझर घालत असाल तर तिचा पट्टा गादीच्या वर राहील असा बघा. पगडी किंवा पटका बांधणाऱ्यांनी डोक्यावरून पट्टी जाणारा इअरमफ न घेता मानेमागून पट्टी जाणारा घ्यावा.

आता कपाच्या दोन्ही पट्ट्या पूर्ण खाली ओढा, कप कानांवर ठेवा, कान पूर्णपणे गादीच्या आत जाऊ द्या, मग कप तिथेच धरून पट्टी डोक्याला टेकेपर्यंत खाली दाबा. कानाची पाळी गादीखाली दुमडली गेली तर अर्ध्या तासात दुखायला लागते आणि फटही राहते.

मग तळहाताची चाचणी. सर्किट बंद करा. मिक्सर, पंखा, रस्त्यावरची वाहतूक असा कुठलाही सतत येणारा आवाज चालेल. दोन्ही तळहातांनी दोन्ही कप डोक्याकडे हळूच दाबा. दाबल्यावर आवाज एकदम कमी झाला तर न दाबता फट आहे, हे सिद्ध झालं. दाबून आणि न दाबता जवळपास सारखंच वाटत असेल तर बसणी चांगली आहे. आता तोंड उघडा, मिटा, जबडा हलवा. कानाच्या खाली जबड्याच्या सांध्यापाशी गादी सुटते का ते इथे कळतं. चष्मा असेल तर चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय अशी दोन्हीदा चाचणी घ्या. जाड काडीचा चष्मा गादी उचलतो आणि काही डेसिबल तिथेच गळतात. सराव चष्म्यानेच करायचा असेल तर बारीक काडीची फ्रेम करून घ्या, किंवा मऊ फोमची जाड गादी असलेला इअरमफ निवडा.

लहान मुलांच्या बाबतीत मोठ्यांचा इअरमफ 'वाढत्या अंगाचा' म्हणून घेऊ नका. पट्टी पूर्ण आवळूनही कप सैल राहिला तर तो नुसता शोभेचा. मुलाने मान डावी-उजवी जोरात हलवली तरी कप जागचा हलायला नको.

फोम प्लगही इथेच शिकून घ्या. स्वच्छ बोटांनी प्लग वळून बारीक वात करा. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. वात आत सरकवा आणि फोम फुगेपर्यंत बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवा. आरशात समोरून बघितलं तर प्लगचं टोक बाहेर डोकावताना दिसता कामा नये. कापसाने यातलं काहीच साधत नाही. एनसीसी कॅम्पला जाणाऱ्या मुलाच्या खिशात फोम प्लगच्या दोन जोड्या घालून द्या. किमतीला चहाइतक्याच आहेत.

सहावी पायरी: नेम धरून बघा

दुकानात आरामात वाटणारा इअरमफ पोझिशन घेतल्यावर त्रास देतो. रायफल किंवा शॉटगन गालाला लावली की दस्ता उजव्या कपाच्या खालच्या कडेला लागतो, कप किंचित वर उचलला जातो, आणि बार निघण्याच्या नेमक्या क्षणी फट पडते. कपाला दस्ता 'टक' करून लागल्याचं आत ऐकूही येतं. यासाठी खालून कापलेला, सडपातळ कप घ्या. ट्रॅप आणि स्कीटवाल्यांना तर हे फारच महत्त्वाचं, कारण बंदूक दर वेळी झटक्यात गालाला येते.

प्रोन पोझिशनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून नेम धरताना, मान मागे जाते आणि शूटिंग जॅकेटची कडक कॉलर कपाला मागून ढकलते. नीलिंगमध्ये (गुडघ्यावर बसून) मान पुढे येते, तिथे डोक्यावरची पट्टी पुढे घसरते. या दोन आणि उभं राहून, अशा तिन्ही पोझिशन करणाऱ्याने तिन्ही करून बघाव्यात. हे करायची जागा रेंज, वेळ कोचने सांगितलेली, हत्यार रिकामं असल्याची खात्री केलेली. मित्राचा इअरमफ एका सत्रासाठी मागून घेतला तर उत्तमच. पिस्तूलवाल्यांना दस्त्याचा प्रश्न नाही, त्यांनी जाड कपाचा, जास्त आकड्याचा इअरमफ खुशाल घ्यावा.

दस्ता कुठल्याही कपाला लागतच असेल तर कानात बसणारे इलेक्ट्रॉनिक इअरप्लग हा पर्याय आहे. उन्हाळ्यात घाम येत नाही, जॅकेटची कॉलर लागत नाही. पण टोक कानात नीट बसवण्याचं कौशल्य लागतं, दर वेळी चार्ज करावे लागतात आणि एक हरवला की जोडी वाया. पहिल्याच वर्षी मी कुणाला ते सुचवत नाही.

सातवी पायरी: सर्किटची पारख

दुकानात किंवा घरी आल्यावर लगेच इअरमफ चालू करून शांत खोलीत बसा. बारीक 'स्स' असा आवाज सगळ्यातच थोडा असतो, पण तो सतत जाणवत असेल तर तासाभराच्या सरावात वैताग आणेल. मग कुणाला तरी जवळ जोरात टाळी वाजवायला सांगा आणि त्याच वेळी बोलत राहायलाही सांगा. काही सर्किट टाळीबरोबर सगळा आवाज तोडतात, बोलण्यातले शब्दही गायब होतात. काही फक्त टाळी दाबतात आणि बोलणं चालू ठेवतात. एकट्याने सराव करणाऱ्याला पहिला प्रकार चालून जाईल. गजबजलेल्या रेंजवर मात्र दुसराच हवा. सगळीकडून बार होत असताना तोडणारं सर्किट दर क्षणाला आवाज तोडतं आणि कमांडचे तुकडे कानावर पडतात.

दोन्ही कपांवर वेगळे मायक्रोफोन असावेत, म्हणजे आवाज कुठल्या बाजूने आला ते कळतं. उघड्या रेंजवर वारा मायक्रोफोनवर फडफडतो, त्यावर फोमची टोपी आहे का बघा. बटण किंवा खुंटी घामेजल्या बोटांनी, न बघता फिरवता यायला हवी. काही वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असेल तर विसराळू मुलांचे सेल वाचतात. इम्पॅक्ट स्पोर्ट चार तासांनी बंद होतो आणि त्याला दोन ट्रिपल-ए, म्हणजे बारीक पेन्सिल सेल लागतात. कुठल्याही गावात मिळणाऱ्या सेलवर चालणारं यंत्र मी जास्त पसंत करतो. स्पर्धेसाठी बाहेरगावी गेल्यावर चार्जर शोधत बसावं लागत नाही.

गाणी ऐकायची तार, ब्लूटूथ यांच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. सराव करताना ते वापरायचं नाही आणि स्पर्धेत चालायचं नाही.

खरेदी

चांगला साधा इअरमफ हजार-दीड हजारापासून काही हजारांपर्यंत मिळतो. भरवशाचा इलेक्ट्रॉनिक बहुधा आयात केलेला असतो, म्हणून काही हजारांपासून सुरू होऊन वीस हजारांच्याही पुढे जातो, आणि भाव सतत हलत असतो. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर वॉरंटी कुणाकडे मागणार? ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत बघा आणि वर सांगितलेल्या चाचण्या त्या मुदतीत उरकून घ्या. जुना इअरमफ स्वस्तात मिळत असेल तर आधी नव्या गाद्या मिळतात का ते विचारा.

रेंजवर कसा वापरायचा

फायरिंग लाइनच्या दाराशी पोचण्याआधी इअरमफ डोक्यावर आणि चालू. आवाजाची खुंटी शेजारचं बोलणं नेहमीसारखं ऐकू येईल एवढीच ठेवा. पूर्ण वाढवून ठेवली तर मागच्या बाकावरची कुजबुज, बुटांची करकर, पेलेटच्या डबीचा खुळखुळाट सगळं कानात येतं आणि नेम बिघडतो. शॉटच्या आधी पूर्ण शांतता हवी असेल तर बंद करा, पण कमांड ऐकू येणार नाहीत याचं भान ठेवा. मालिका संपल्यावरही कप उचलायचा नाही. तुमचं फायरिंग संपलं असलं तरी शेजाऱ्याचं चालू असतं. कुणाशी निवांत बोलायचं असेल तर लाइनच्या मागे, दाराबाहेर जा आणि मगच काढा.

निगा, आणि कानांची तपासणी

आपल्या हवेत इअरमफचा खरा शत्रू घाम आणि पावसाळा. सत्र संपलं की गाद्या ओलसर फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, त्याने गादीचं आवरण कडक होऊन तडकतं. जून ते सप्टेंबर वापर झाला की सेल काढून ठेवा, विशेषतः मुंबई-कोकणात. सेलने पाणी सोडलं की आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात आणि यंत्र गेलंच. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. गादी दाबल्यावर लगेच पूर्ववत होत नसेल, कडक किंवा चपटी झाली असेल, तर बदला. नियमित सराव करणाऱ्याला ती वर्षा-सहा महिन्यांनी बदलावी लागते, आणि बदलल्यावर तळहाताची चाचणी पुन्हा घ्यायची.

सत्रानंतर कानात शिट्टी वाजत असेल, कानांना दडे बसल्यासारखं वाटत असेल तर तो इशारा आहे. रात्रीत बरं वाटलं तरी नुकसान झालं नाही असं समजू नका. संरक्षणात कुठेतरी फट आहे, ती शोधा. एखाद्या बारानंतर एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. 'आठवडाभर बघू' म्हणून थांबू नका, उपचार जितक्या लवकर तितका उपयोग जास्त.

आणि .२२ ला हात लावण्याआधी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. अर्ध्या तासाची, अजिबात न दुखणारी तपासणी आहे. दोन्ही कानांचा आलेख मिळतो, त्यात ४००० हर्ट्‌झच्या आसपास खळगा आहे का ते डॉक्टरांना विचारा. तो कागद रायफलच्या पावत्यांबरोबर फायलीत ठेवा आणि दर वर्षी मोसम सुरू होण्याआधी नवा काढून सोबत न्या. दोन आलेख शेजारी ठेवल्यावरच डॉक्टरांना कळतं की तुमचं संरक्षण पुरतंय की नाही.